वहीतले पाच गुण

आमच्या मंडळाला नाव नाही. नाव द्यायचे दोनदा ठरले, दोन्ही वेळा वाद झाला आणि चहा निवला, म्हणून तो विषय सोडून दिला. २०१० साली आम्ही पाचजण महिन्यातून एकदा एकत्र बसून सिनेमा पाहू लागलो. बँकेतून निवृत्त झालेले एक मित्र, औषधाच्या दुकानाचे मालक, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, एक ट्रॉलरवाले आणि मी. बँकवाल्यांची पडवी, त्यांच्या मुलाने पाठवलेला प्रोजेक्टर आणि भिंतीवर धुतलेली पांढरी चादर. मालवणच्या पावसात वीज गेली की पुढे काय होईल यावर चर्चा चालते. पुष्कळदा ती सिनेमापेक्षा बरी निघते.

सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. अशा ठिकाणी जाणकार बोलतात आणि बाकीचे ऐकून शहाणे होतात. आमच्यात जाणकार कोणीच नाही. पण दशावतार रात्र रात्र जागून पाहिलेली ही माणसे, त्यामुळे मत मात्र प्रत्येकाला आहे. सगळे एकदम बोलू लागले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "गुण द्या, म्हणजे गप्प बसाल."

तेव्हापासून एक वही आहे. सिनेमाचे नाव, तारीख, प्रत्येकाचे दहापैकी गुण आणि एका ओळीत कारण. नियम तीन. गुण लिहीपर्यंत कोणी बोलायचे नाही. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी देणाऱ्याने उभे राहून कारण सांगायचे. आणि एकदा लिहिलेले खोडायचे नाही. हा तिसरा नियम माझा. गुणपत्रकात खाडाखोड केलेली मला आयुष्यभर खपली नाही.

वहीची जुनी पाने चाळायला मजा येते. 'संत तुकाराम' (१९३६). बँकवाले सहा, कारण शेवटचे वैकुंठगमन खोटे वाटते. सिस्टर दहा, आणि तेही तुकारामांना नव्हे तर आवलीला! 'पथेर पांचाली' (१९५५). औषधवाले चार, "फार सावकाश". 'बायसिकल थीव्हज' (१९४८) पाहून ट्रॉलरवाल्यांनी दहा दिले आणि लिहिले, "इंजिन चोरीला गेले होते तेव्हा मीही असाच फिरलो होतो." त्या गृहस्थांनी इटली नकाशातही पाहिली नसेल.

मी स्वतः गुण मास्तरासारखे देत असे. कथेला तीन, अभिनयाला तीन, तांत्रिक बाजूला दोन, बोधाला दोन. बेरीज करायची. त्यात चूक होईल असे मला कधी वाटले नाही.

२०१२ मध्ये सहावा सभासद आला. निवृत्त पोस्टमन. तो आणि मी पहिली ते चौथी एका वर्गात होतो. पुढे त्याची शाळा सुटली, मी शिकत गेलो. गावात भेट व्हायची, अरे-तुरेचे संबंध, पण घरी बसणे-उठणे नव्हते. मंडळात तो मागे बसे, पाच किंवा सहा गुण लिही आणि कारणाच्या जागी "बरा" एवढेच. उभे राहून बोलायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. हे त्याने मुद्दाम जमवले होते, असे आता वाटते.

२०१४ च्या दिवाळीनंतर आम्ही 'फँड्री' पाहिला. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. डुकरे पकडायचे काम वाट्याला आलेले कैकाडी घर, त्यातला शाळकरी जब्या, आणि काळ्या चिमणीच्या मागचा त्याचा शोध. शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा होतो.

दिवे लागले. मी बेरीज करून पाच लिहिले. कारण लिहिले, "अभिनय उत्तम. शिवीगाळ फार. गाव व शाळा यांचे चित्र एकांगी." सर्वांत कमी गुण माझे. सर्वांत जास्त, दहा, पोस्टमनचे.

नियमाप्रमाणे मी उभा राहून बोललो. चांगले बोललो. शाळेत असे घडत नसते, निदान आपल्याकडे तरी नव्हते, असे सांगितले. मग तो उभा राहिला. बराच वेळ चादरीकडेच बघत होता. मग मला म्हणाला, "आपल्या शाळेत माका डेऱ्याक हात लावूक देयत नसत. वरसून पाणी वतूचा काम तुझ्याकडे होता. याद आसा?"

मी म्हणालो, "मी नव्हतो. दुसरा कोणीतरी असेल." तो "आसात" म्हणाला आणि बसला. त्या दिवशी चहा कोणी घेतला नाही.

रात्री झोप आली नाही. पहाटेकडे तांब्या आठवला. पितळी, काठाला पोचा आलेला. मी मॉनिटर होतो. बौद्धवाडीतून येणारी तीन मुले ओंजळ धरून वाकत आणि मी वरून पाणी ओतत असे. त्या वाडीला तेव्हा जे म्हणत ते इथे लिहीत नाही. तांब्याला हात लागू नये म्हणून किती उंच धरायचा, हे मला शिकवलेले होते आणि मला ते चांगले जमत असे. त्या कामाचा मला अभिमान होता! अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झालेला होता. आमच्या डेऱ्यापर्यंत तो आला नव्हता. त्याच शाळेचे गोडवे मी निरोप समारंभांतून किती वेळा गायले, याचा हिशेब नाही.

वही माझ्याकडेच असते. सकाळी उघडली, पेन घेतले. पाचाचे काय करायचे? मग वही तशीच पिशवीत घालून त्याच्या घरी गेलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. माफी मागितली, ती नीट मागता आली नाही. मग म्हटले, गुण बदलतो. त्याने वही मिटली. म्हणाला, "ऱ्हवांदे ते पाच. आता दहा दिलंस तर ते माका दिलंस असा होतला, पिक्चराक नाय."

त्याच्या सुनेने पाणी आणून दिले. मी प्यायलो. त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

लंडनचे 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारते. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' वर होता. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो', आणि २०२२ मध्ये शांताल आकरमन या बाईंचा 'जान दीलमान'. चित्रपट तेच, फूटभर फिल्म कमी-जास्त झालेली नाही. बघणारे बदलले. हे बँकवाल्यांनी वाचून दाखवले तेव्हा ठरले की आपणही दहा वर्षांनी पुन्हा पाहायचे. जुने गुण खोडायचे नाहीत, शेजारी नवा रकाना आखायचा.

२०२४ मध्ये 'फँड्री' पुन्हा पाहिला. राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे सारे घर जागच्या जागी उभे राहते, तो प्रसंग पहिल्या वेळी मी नुसता 'कल्पक' म्हणून सोडून दिला होता. या वेळी बेरीज केली नाही. नऊ लिहिले. पोस्टमनने आठ दिले! सगळे चकित झाले. तो म्हणाला, "ह्या वेळेक पिक्चर बघलंय. त्या वेळेक मी माझीच शाळा बघत होतंय."

आता औषधवाल्यांची नात कॉलेजच्या सुट्टीत आली की आमच्यात बसते. मागच्या महिन्यात वही चाळताना तिने विचारले, "आजोबा, 'फँड्री'ला पाच कोणी दिले?"

मी म्हणालो, "मी. बस, सांगतो."