पन्नास हजारांत बसवा!

लग्नाच्या याद्या मी पुष्कळ केल्या. पण चिरंजीवांच्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरच्या यादीने जो घाम काढला, तो कुठल्या वरपित्यालाही काढता आला नव्हता. माझी मर्यादा ५०,००० रुपये. त्यातले निम्मे एकटं ग्राफिक्स कार्ड मागत होतं. म्हणजे नवरदेवापेक्षा घोडा भारी!

"कार्ड पुढं बघू, बाबा. रायझन ५ ५६००जी घेऊ. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं."

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने नुसता ५६०० पुढे केला. एका अक्षराने काय बिघडतंय, म्हणून मी पाकीट काढलं, तोच चिरंजीवांनी हात धरला. 'जी' नाही आणि कार्डही नाही, तर पडदा काळाच! तीस वर्षं कचेरीत 'जी हुजूर' केलं; 'जी'चं महत्त्व कळलं ते इथं.

रॅम १६ जीबीची एक नव्हे, आठ-आठच्या दोन. जोडीने काम वेगात होतं म्हणे. (आमच्या घरी तसा अनुभव नाही.) पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला. "तो जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो," हे ऐकून मी गप्प बसलो. कॅबिनेट ऐसपैस. "पुढं कार्डाला जागा नको?"

हिशेब ५२,३०० वर गेला. मी घसा खाकरला. चिरंजीवांनी खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या. शिकवणीचे २,३०० रुपये.

परवापासून मी स्टेशनवर रिक्षाने न जाता चालत जातो. प्रकृतीसाठी, असं घरी सांगितलंय.