दहावीनंतर काय सोडायचं?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या घरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, पुढे काय घ्यायचं?’ सायन्स की कॉमर्स, पीसीएम की पीसीबी, आयटी की मराठी. करिअर मार्गदर्शनाचं काम सुरू केल्यापासून मी माझ्या नोंदीच्या कागदावर एक रकाना आखून घेतला आहे आणि तो भरल्याशिवाय मी कुणालाच उठू देत नाही. त्या रकान्याचं शीर्षक आहे ‘काय सुटतंय’.

कारण साधं आहे. अकरावीला जे विषय घेतले ते मुलाला दोन वर्षं रोज भेटतात. जमत नसतील तर पहिल्या घटक चाचणीतच कळतं. जो विषय सोडला तो मात्र गप्प असतो. तो थेट बारावीनंतर, एखाद्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात, पात्रतेच्या ओळीत समोर येतो. तेव्हा हाताशी वेळ फार थोडा उरलेला असतो.

सगळ्यात जास्त हळहळ मी गणितापायी पाहिली आहे. नीट द्यायची म्हणून पीसीबी घेणारा मुलगा गणित सोडतो, ते ठीकच. त्या परीक्षेत गणित नाही. पण त्याच मुलाचं मन बारावीत पालटलं, तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर या दोन्ही वाटा त्याच्यासाठी बंद झालेल्या असतात. मर्चंट नेव्हीचं डेक कॅडेट व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित विचारलं जात आलं आहे. एनडीएत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, हे ऐकून आर्ट्सला गेलेली मुलं मला भेटतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं की नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे तिन्ही विषय लागतात आणि लेखी परीक्षेतला गणिताचा ३०० गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो.

कॉमर्समध्ये हा निर्णय आणखी घाईत होतो. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी कॉमर्सला बहुतेक कॉलेजांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या तोंडचं ‘एसपी’, यांतलं एक निवडायचं असतं. एसपीला गुण बरे मिळतात, पाठांतरावर भागतं, मैत्रिणीही तेच घेतात. प्रवेशाच्या खिडकीशी दोन मिनिटांत खूण होते. मग सीए करायचं ठरतं, आणि फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. तो एसपीवाल्या मुलांनाही सुटतो, पण जादा मेहनतीने. खरा अडसर पुढे येतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं, किंवा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्याशास्त्राची पदवी घ्यायची, तर बारावीला गणित लागतंच. अर्थशास्त्र मनापासून आवडणाऱ्या मुलीने दहावीला गणितात चांगले गुण असताना केवळ ‘टक्का वाढेल’ म्हणून एसपी घेतलेलं मी पाहते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या वेळी तिला कुणी तरी थांबवायला हवं होतं.

दहावीच्या आतसुद्धा असा एक फाटा आहे. सीबीएसई शाळांमध्ये दहावीला गणित दोन स्तरांवर देता येतं, स्टँडर्ड आणि बेसिक. २०२० च्या परीक्षेपासून ही सोय सुरू झाली. बेसिक घेणाऱ्याने अकरावीत गणित घ्यायचं नाही, अशी मूळ योजना. मंडळाने हा नियम पुढे वेळोवेळी सैल केला, पण शाळेवर आणि त्या वर्षीच्या परिपत्रकावर अवलंबून राहण्यापेक्षा नववीतच विचार केलेला बरा. तेरा-चौदा वर्षांचं मूल भूमितीला कंटाळलंय म्हणून घेतलेला हा निर्णय असतो, आणि त्या वयातला कंटाळा बहुतेकदा विषयापेक्षा शिकवण्याचा असतो.

आता याच्या उलट बाजूला काय होतं ते सांगते. ‘काय सुटतंय’ म्हटलं की काही पालक घाबरून म्हणतात, मग काहीच सोडायला नको, पीसीएमबी घेऊया. हे मला मान्य नाही. सगळी दारं उघडी ठेवायची किंमत मूल रोज भरत असतं. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. म्हणजे दोन्हीकडे निम्मं वजन ज्या विषयाचं, तोच विषय अर्ध्या वेळात करायचा. फार थोड्या मुलांना हे पेलतं. ज्यांना पेलतं त्यांनी चारही विषय जरूर घ्यावेत. बाकीच्यांनी अकरावीच्या दिवाळीपर्यंत स्वतःला पारखावं आणि मग एक विषय समजून-उमजून सोडावा. समजून सोडलेल्या विषयाची रुखरुख राहत नाही.

बायफोकल हा असाच एक गुंता. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतला की तो दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो. ती जागा बहुतेक वेळा जीवशास्त्राची असते. बायफोकलच्या जागा मोजक्या, चुरस मोठी, त्यामुळे नंबर लागला की घरात आनंद होतो. त्या आनंदात कुणी विचारत नाही, की या मुलाला फिजिओथेरपी किंवा पशुवैद्यकाकडे जायची थोडी तरी शक्यता आहे का? असेल तर जीवशास्त्राशिवाय ती वाट नाही. उलट शेतीच्या पदवीसाठी जीवशास्त्र हवंच, असं अनेक शेतकरी पालक धरून चालतात. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी या चारही कृषी विद्यापीठांच्या बी.एस्सी. कृषीच्या प्रवेशाला पीसीएम गटही चालतो. बी. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी काहीही. ही माहिती उघड आहे, पण ती घरापर्यंत पोहोचत नाही.

नीटबद्दल बोलताना मी पालकांसमोर एक आकडा ठेवते. २०२४ साली ही परीक्षा देणारी मुलं २३ लाखांहून अधिक होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, एक लाखाच्या थोड्या वर. लातूरला किंवा कोट्याला पाठवण्याआधी हा आकडा मुलाला सुद्धा माहीत असावा. मूल घाबरावं म्हणून मी तो सांगत नाही. एमबीबीएस मिळालं नाही तर जीवशास्त्राचं काय करायचं, याचं उत्तर त्याच्याजवळ अकरावीतच असावं म्हणून सांगते. नर्सिंग, फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, पशुवैद्यक यांतलं एक जरी त्याला मनापासून करावंसं वाटत असेल, तर पीसीबी घेण्यात धोका नाही. एमबीबीएसखेरीज काहीच नको असेल, तर मी त्या घराला आठवडाभर थांबायला सांगते.

मुलाला काय जमतं हे कसं ओळखायचं? दहावीचे गुण यात मर्यादित मदत करतात. त्यावरून चिकाटी कळते, पाठांतर कळतं, परीक्षेचं तंत्र कळतं. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी घेतली. वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य विज्ञान, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाची ओढ कुठे आहे ते त्यातून समजायचं. लाखो घरांत या विषयावर पहिल्यांदा बोलणं झालं, हे त्या चाचणीचं मोठं काम. पण कल म्हणजे ओढ. ओढ आणि क्षमता एकत्र असतातच असं नाही. क्षमतेसाठी आम्ही अभिक्षमता चाचण्या वापरतो. त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध डीएटी, १९४७ साली अमेरिकेत तयार झालेली. भाषिक तर्क, अंकगणिती क्षमता, अमूर्त तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय आकलन अशा निरनिराळ्या क्षमता ती वेगवेगळ्या मोजते, आणि त्यांची बेरीज करून एकच आकडा देत नाही. मला तिचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

एक मुलगा आठवतो. दहावीला साठ टक्क्यांच्या आसपास, भाषेत जेमतेम, घरात निराशेचं वातावरण. यांत्रिक तर्क आणि अवकाशीय आकलन या दोन्हींत त्याचे गुण इतके वर होते की मी उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. वडिलांना तो सायन्सला बसायला हवा होता, कारण शेजारचा मुलगा सायन्सला होता. अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे भाषेतून, पुस्तकातून, सीईटीच्या वेगातून जाणं. त्याची ताकद जिथे होती तिथे या दोन वर्षांत फारसं कुणी पाहणार नव्हतं. मी पॉलिटेक्निक सुचवलं. तीन वर्षांचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, पहिल्या वर्षापासून वर्कशॉप, आणि जमलं तर पुढे थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, सीईटी न देता. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मुलगा मात्र लेथ मशीनवर काय काय करतात ते विचारत होता. डिप्लोमा किंवा आयटीआय म्हणजे ‘सायन्स मिळालं नाही म्हणून’ घ्यायची गोष्ट, हा समज आपल्याकडे किती मुलांचं नुकसान करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

चाचण्यांवर आंधळा भरवसाही नको. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बेतलेली चाचणी मराठी माध्यमातल्या, तालुक्याच्या मुलीला दिली, तर तिचा भाषिक तर्क कमी दिसेल; तो कमी नसतो. मार्गदर्शकाने अहवालासोबत मुलाशी तासभर बोललं पाहिजे. चाचणीचा रंगीत अहवाल ई-मेलने पाठवून पैसे घेणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावं.

भाषेबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. सायन्स आणि कॉमर्सची हजारो मुलं अकरावीला मराठी सोडून आयटी घेतात, कारण त्याची परीक्षा संगणकावर होते आणि गुण भरघोस मिळतात. आयटी वाईट विषय नाही. पण ज्या मुलांच्या मनात कायदा, पत्रकारिता किंवा स्पर्धा परीक्षा आहे, त्यांनी सोळाव्या वर्षी मराठी लिहिणं थांबवणं महाग पडतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथे मराठीचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो. न्यायालयात, पंचायत समितीत, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलताना, शेतकऱ्यांच्या बैठकीत भाषा लागते. ती दोन वर्षांच्या खंडानंतर आपोआप परत येत नाही.

आर्ट्सला येणाऱ्या मुलांना मी सांगते की तुमची वाट अरुंद नाही, पण विषयांचा गट विचार करून बांधा. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र यांतलं काय एकत्र घ्यायचं ते कॉलेजच्या वेळापत्रकावर सोडू नका. आयआयटीच्या बी.डेस.साठीची यूसीड किंवा एनआयडीची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून देता येते. चित्रकला चांगली म्हणून मुलाला सक्तीने सायन्सला पाठवायची गरज नाही, आणि सायन्स आवडत असेल तर चित्रकलेसाठी ते सोडायचीही गरज नाही.

या सगळ्या चर्चेला गावाकडे एक वेगळीच अडचण असते: तिथे विषयच नसतो. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त आर्ट्स, सायन्स तालुक्याला. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण प्रयोगशाळेचा तास संपतो तेव्हा शेवटची गाडी गेलेली असते. ‘मुलगी आहे, आर्ट्सला बसू दे’ हे वाक्य अनेकदा गाडीच्या वेळेतून आलेलं असतं. अशा घरी मी शाखेबद्दल बोलण्याआधी वसतिगृहाची, नातेवाइकांच्या घराची, गाडीच्या वेळेची चर्चा करते. मुलीला भौतिकशास्त्र झेपतं का, हा प्रश्न त्यानंतरचा.

सुटलेला विषय परत मिळतो का? काही प्रमाणात, हो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावीचा एखाद-दुसरा विषय नंतर करता येतो; वैमानिक व्हायचं ठरवलेली कॉमर्सची मुलं भौतिकशास्त्र आणि गणित असंच करतात. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेतलेल्यांनाही नीटला बसता येईल, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. या वाटा आहेत हे माहीत असावं. पण त्यांत एखादं वर्ष जातं, आणि वर्गाशिवाय, सोबतीशिवाय अभ्यास करावा लागतो.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा अकरावीचं पहिलं सत्र संपलेलं असेल. तुमच्या घरातलं मूल जेवताना गप्प असेल, एका विषयाचं पुस्तक उघडतच नसेल, किंवा इंटिग्रेटेड क्लासच्या नावाखाली कॉलेजात पाऊलही टाकत नसेल, तर सुट्टीतच त्याच्याशी बोला. विषय बदलून मिळेल का, हे कॉलेज उघडताच प्राचार्यांना अर्ज देऊन विचारा. काही ठिकाणी मिळतो. शाखाच बदलायची असेल, तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा अकरावीला बसवा. अकरावीचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत; पण मूल एका वर्षाने मागे राहील आणि नातेवाईक विचारतील. त्यांना काय उत्तर द्यायचं ते आई-वडिलांनी आधी आपसात ठरवून ठेवा, म्हणजे ते उत्तर मुलाला द्यावं लागणार नाही.