पाणी ओळखून राफ्टमध्ये बसा

माझं माहेर बारामतीचं, सासर इंदापूर तालुक्यात भीमेकाठी. माहेरची मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. सासरी उजनीचं पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण घरातल्या एकाही मुलीला पोहता येत नव्हतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत राफ्टिंगला जायची टूम निघाली, तेव्हा घरात दोन तट पडले. बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "खाला, जायचं तर ऋषिकेशला. तिथल्या मोठ्या लाटा बघायच्या." सासूबाईंनी मात्र एका वाक्यात विषय संपवला, "कुणीही पाण्यात जायचं नाही."

अम्मीजानची भीती पोकळ नव्हती. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली. एकजण पोहत काठाला लागला. सहाजण गेले, त्यात दोन चिमुकली मुलं होती. ते पाणी आमच्या रोजच्या बघण्यातलं. आईचं काळीज घाबरणारच.

पण मुलांना पाण्यापासून कायमचं दूर ठेवणं आपल्या भागात शक्य आहे का? एका बाजूला भीमा, दुसरीकडे नीरा, मध्ये कालवे, शेततळी आणि विहिरी. म्हणून मी घरात शिक्षिकेच्या पद्धतीने बोलले. चौथीच्या मुलाला आपण दहावीचा पेपर देत नाही, आणि नापास होईल म्हणून शाळाही बंद करत नाही. पाणी कोणतं आणि त्यात कोण बसणार, हे आधी ठरवू.

नदीच्या खळाळाला जगभर एक ते सहा अशा श्रेणी लावतात. पहिल्या श्रेणीत वाहतं पाणी आणि बारीक तरंग. दुसरीत सोप्या लाटा, वाट मोकळी. तिसरीत लाटा वेड्यावाकड्या, राफ्टमध्ये पाणी येतं, एखादा माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. चौथीत जोर मोठा आणि वल्ही अचूक वेळी मारावी लागतात. पाचवी मुरलेल्यांची, आणि सहावीत जाणकारही सहसा उतरत नाहीत. ऋषिकेशलाही सगळी गंगा सारखी नाही. ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीपासूनचा टप्पा नवख्यांना झेपतो, पण कौडियालाकडून येणाऱ्या लांब टप्प्यात चौथ्या श्रेणीचा खळाळ लागतो. भाच्याच्या मोबाईलवरच्या चित्रफिती तिथल्याच होत्या.

आम्ही कोलाडची कुंडलिका निवडली. रायगड जिल्ह्यातल्या या नदीवर खळाळ मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिरा वीजकेंद्रात उतरतं, वीज तयार होते आणि तेच पाणी कुंडलिकेत येतं. म्हणून पावसाळा सरल्यावरही सकाळी पाणी सुटलं की तिथे राफ्ट चालतात. मुळशीचं धरण मुळा नदीवरचं. मुळा-मुठेचं पाणी पुढे भीमेतून आपल्या उजनीत येतं. म्हणजे एरवी आपल्याकडे आलं असतं असं पाणी कोकणात जाऊन लाटा उठवतं! हे ऐकून अम्मीजानही हसल्या. ऐन पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळून नदीचा जोर वाढतो, म्हणून पहिल्या खेपेला आम्ही दिवाळीनंतरचे दिवस धरले.

मग माणसांची यादी. धाकट्या दिरांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, ते काठावर. जाऊबाईंचं दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं, त्याही काठावर. दहा वर्षांचा पुतण्या रडला, पण तिथे साधारण चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. गरोदर बाई, हृदयविकार किंवा फिट येणारा माणूस, यांनी राफ्टमध्ये बसूच नये. उरलो पाचजण. त्यात माझी पंधरा वर्षांची लेक होती, जिला पोहता येत नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीला पोहता आलंच पाहिजे असं नाही, कारण लाईफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं. मात्र नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरून न जाणं आवश्यक असतं, आणि ते सवयीनेच येतं. म्हणून लेकीला दोन महिने तलावावर महिलांच्या राखीव वेळेत पाठवलं. ती फार लांब पोहायला शिकली नाही, पण पाठीवर शांत पडून राहायला शिकली.

कपड्यांचा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. बुरखा, ओढणी किंवा सैल कुर्ता पाण्यात जड होतो आणि दोरीत अडकतो. आम्ही लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हेल्मेटखाली बसणारी घट्ट टोपीसारखी हिजाब वापरली. पिना लावल्या नाहीत. पायात पट्ट्याचे बूट, चष्म्याला दोरी.

बुकिंग करण्याआधी मी फोनवर चार गोष्टी विचारल्या: प्रत्येक राफ्टमध्ये प्रशिक्षित गाईड असतो का, सोबत बचावाची कयाक असते का, मुलींच्या मापाचे जॅकेट आहेत का, आणि पाणी जास्त असेल तर फेरी रद्द करता का? शेवटच्या प्रश्नाला एका ठिकाणी "काही होत नाही मॅडम" असं उत्तर आलं. तिथे आम्ही गेलो नाही.

नदीवर गाईडने जॅकेटच्या खांद्यांना धरून प्रत्येकाला वर ओढून पाहिलं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पट्टे ढिले. पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहू नका, दगडात पाय अडकतो. हे त्याने तीनदा सांगितलं.

खळाळ संपून पाणी संथ झालं तेव्हा त्याने हवं त्यांना पाण्यात उतरू दिलं. भाच्याने प्रवाहाच्या उलट हात मारले. दहा-बारा हात मारूनही तो तिथेच! धापा टाकत येऊन त्याने राफ्टची दोरी पकडली. विहिरीचं पाणी उभं असतं, नदीचं चालतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. लेक शेजारून पाठीवर आभाळ बघत वाहत गेली. काठावर अम्मीजानच्या हातात तसबीह होती. आम्ही बाहेर आल्यावरच त्यांनी ती पिशवीत ठेवली.

आता घरात एक नियम झाला आहे. उजनीत होडीने पलीकडे जायचं असलं, तरी जॅकेट मागायचं. नसेल तर होडीत बसायचं नाही, मग रस्त्याने कितीही लांब पडो. वारा सुटला असेल तर जॅकेट असूनही नाही. अम्मीजानने हा नियम स्वतः घातला. आणि धाकट्या दोन्ही पुतण्यांची नावं यंदाच्या उन्हाळ्यात तलावावर घालायला त्यांनीच सांगितलं आहे.