आमचे काड्यापेट्यांचे आरमार

लहानपणी आमच्या घरी एक साम्राज्य नांदत होते. त्याचे नाव सुवर्णद्वीप, राजधानी माळ्यावर आणि आरमार काड्यापेट्यांचे! पेटीस चहाच्या पुड्यातली चांदी चिकटविली की चिलखत झाले. वर कापूस खोचला की आगबोट धूर ओकू लागली. शत्रू म्हणजे आमचा धाकटा भाऊ. तो रोज हरे, आणि आईची हाक येताच जेत्यांच्या पंक्तीस बसून जेवी. हरलेल्या शहरांची नावे आम्ही आमच्या जहाजांस मोठ्या डौलाने देत असू.

पुढे कळले की ही कल्पना आमच्या आधीच कोणास तरी सुचली होती. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० साली टेम्सकाठी दोन चिलखती आगबोटी पाण्यात सोडण्यात आल्या. पाण्यालगत बसकी काठ, पुढे एक व मागे एक फिरता बुरूज, प्रत्येकात दोन तोफा. एकीचे नाव ‘मॅग्डाला’, दुसरीचे ‘अ‍ॅबिसीनिया’. तीस वर्षांहून अधिक काळ ही नावे मुंबईच्या पाण्यावर होती. लढाईचा प्रसंग कधी आलाच नाही. १९०३-०४ च्या सुमारास दोन्ही विकल्या गेल्या.

नावे मात्र लढाईचीच होती. नेपियरच्या फौजेने, जीत मुंबईहून गेलेले हिंदी शिपाई पुष्कळ होते, १३ एप्रिल १८६८ रोजी मॅग्डालाचा डोंगरी किल्ला घेतला. राजा थिओडोरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू याला विलायतेस नेले. त्याची आई वाटेतच वारली. तोही १८७९ साली, अठराव्या वर्षी, परक्या भूमीतच गेला. विंडसर येथे पुरलेल्या त्याच्या अस्थी मायदेशी धाडाव्यात, ही इथिओपियाची मागणी २०२३ सालीही नाकारली गेली.

गेल्या दिवाळीत नातवाने पुठ्ठ्याची आगबोट केली व आम्हांस नाव विचारले. सवयीने एका जिंकलेल्या नगराचे नाव ओठांवर आले, पण उच्चारवेना. आमचा हरलेला शत्रू रोज घरी परतत असे, म्हणूनच तो खेळ होता. अखेर आम्ही धाकट्या भावाचे नाव सुचविले. नातू हसला, म्हणाला, “हे काय लढाईचे नाव झाले?”

नव्हतेच ते. म्हणून तर सुचविले!