अदबीचे अंतर

प्रशांत महासागराच्या अथांग निळाईत हवाई बेटांचा समूह विखुरलेला आहे. ही बेटे उष्ण कटिबंधात असल्यामुळे ऐन फेब्रुवारीतही तेथील किनाऱ्यांवर हवा उबदार असते. या दिवसांत तेथे दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक, सुट्टी घालवण्यासाठी आलेली माणसे. आणि दुसरे, अलास्काच्या थंडगार समुद्रातून सुमारे 4,800 किलोमीटर पोहत आलेले हंपबॅक जातीचे देवमासे.

सुट्टीसाठी आलेले असेच एक कुटुंब माउई बेटावर उतरले होते. आई, वडील, बारा वर्षांची मुलगी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ. सकाळी देवमासे पाहावेत आणि दुपारी डोंगरावर पायी हिंडावे, असा त्यांचा बेत होता.

बोट बंदराबाहेर पडून थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच दूर पाण्यावर वाफेचा एक उंच फवारा उसळला. पाठोपाठ काळीभोर, विशाल पाठ वर आली आणि तिच्याजवळच एक लहानशी पाठ डोकावली. ती माता होती आणि तिचे पिल्लू! देवमासा नावापुरताच मासा. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो.

कप्तानाने बोटीचा वेग आवरला व ती जागीच थांबवली. मुलगा अधीर झाला. "बाबा, त्यांना आणखी जवळ जायला सांगा ना!" तो म्हणाला.

कप्तानाने ते ऐकले. तो शांतपणे म्हणाला, "बाळ, येथे शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरांच्या आत बोट नेण्यास कायद्याने मनाई आहे. या मातेला येथे अन्न मिळत नाही. उन्हाळ्यात अंगात साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि त्यातूनच पिल्लाला दूध देते. आपण पाठलाग केला, तर तिला पळावे लागेल. तिची शक्ती अशी खर्ची पडली, तर पिल्लाच्या वाट्याला काय उरेल?"

मुलगा हिरमुसला, पण गप्प राहिला. मग कप्तानाने एक जलध्वनिग्राहक यंत्र पाण्यात सोडले. क्षणार्धात खोल, घुमणारा स्वर बोटीवर भरून राहिला. कोठेतरी दूर एक नर गात होता. हंपबॅक नरांच्या या गाण्यांत ठरावीक रचना असते, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे या संशोधकांनी 1971 साली जगापुढे मांडले. जो गायक दिसतही नव्हता, त्याचे गाणे सर्वजण श्वास रोधून ऐकत राहिले.

माणूस या प्राण्याशी नेहमीच असा वागला नाही. तेलासाठी आणि मांसासाठी त्याने देवमाशांची बेसुमार कत्तल केली. 1966 साली उत्तर प्रशांत महासागरातील हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा तेथे ते फार थोडे उरले होते. माणसाने हात आखडता घेतला आणि त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.

दुपारी ते कुटुंब हालेआकाला पर्वतावर पोहोचले. 'हालेआकाला' म्हणजे सूर्याचे घर. 3,055 मीटर उंचीच्या त्या माथ्यावर मात्र बोचरे वारे सुटले होते. तांबूस, भुसभुशीत राखेतून पायवाट खाली उतरत होती. उतरणे सोपे होते. पण परत चढताना विरळ हवेमुळे दम लागणार, म्हणून ते बेताबेतानेच चालत होते.

त्या उजाड उतारावर एकाएकी काहीतरी रुपेरी चमकले. ती 'आहिनाहिना' नावाची वनस्पती होती. तिच्या पानांवरील मऊ, चंदेरी लव प्रखर उन्हापासून तिचे रक्षण करते. ती अनेक वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरून जाते. पूर्वी गुराढोरांनी व बकऱ्यांनी ती खाल्ली. प्रवाशांनीही 'आम्ही माथ्यावर जाऊन आलो' याची खूण म्हणून ती उपटून नेली. 1920 च्या सुमारास ती नामशेष होण्याच्या बेतात होती. आज तिला संरक्षण आहे. तथापि वाढत्या उष्म्याचे आणि कोरड्या हवेचे नवे संकट तिच्यापुढे उभे आहे. तिची मुळे जमिनीत फार खोल जात नाहीत. जवळून चालणाऱ्याच्या पावलांखालीही ती चिरडतात.

त्या चमकदार पानांना हात लावावा, म्हणून मुलीने वाटेबाहेर पाऊल उचलले. तोच भावाने तिचा हात धरला. "ताई, थांब! तिची मुळे तुडवली जातील. आपण इथूनच पाहू."

ती थांबली. दोघेही वाटेच्या कडेला बसून, पाने वाऱ्याने हलताना कितीतरी वेळ पाहत राहिली.

जे आवडते ते हातात घ्यावे, अशी मनाची ओढ असते. पण काही सौंदर्य असे असते, की त्याच्यापासून चार पावले दूर राहणे हाच त्याचा खरा सन्मान होय.