घामाचा हिशेब

व्यायामशाळेतून आल्यावर सदरा पिळला तर पाणी निघाले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना मांड्या ठणकल्या पाहिजेत. एवढे झाले की पैसे वसूल, असे मी मागील वर्षी सहा महिने मानत होतो. पुण्याच्या मार्केट यार्डात तीस वर्षे धान्याचा व्यापार केलेल्या माणसाने असा हिशेब करावा, हे लिहितानाही ओशाळल्यासारखे होते.

निमित्त रक्ततपासणीचे. चैत्रात तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.३ आली. ६.५ पासून मधुमेह धरतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. माझ्या वडिलांचे डावे पाऊल याच विकारापायी गेले. अखेरची चार वर्षे त्यांना जिनालयाच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत; खालच्या ओट्यावर बसूनच ते हात जोडीत. तो ओटा डोळ्यांसमोर आला आणि दुसऱ्याच दिवशी मी व्यायामशाळेत नाव घातले. चातुर्मास संपला की पालिताण्याला डोली न करता चढायचे, असेही सौभाग्यवतीजवळ बोलून गेलो.

पेढी बंद करून रात्री आठला मी तेथे जाई. जागा तळघरातली, कोंदट. शिकवणारा मुलगा पंखा लावी आणि मी तो बंद करावयास सांगे. "काका, वाऱ्याने व्यायाम कमी होत नाही," असे तो म्हणे. पोराला अनुभव नाही, असे मला वाटे. काट्यावर पाऊण किलो उतरलेले पाहून समाधान होई. आमच्या घरी चौविहार. त्यामुळे घामावाटे गेलेले पाणी दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, नवकारशी पारल्यावरच भरून निघे. रात्री डोके ठणकत राही, तेही मी जमेच्या बाजूला लिही. सकाळी पाणी पोटात गेले की ते पाऊण किलो परत येई, तरी माझे डोळे उघडले नाहीत.

दुखण्याचेही तसेच. सोमवारी जोर करावा, मंगळवारी अंग आंबावे, बुधवारी कठडा धरून जिना उतरावा आणि शनिवारपर्यंत व्यायामशाळेचे तोंड पाहू नये. एकदा उपाश्रयात मोठ्या अभिमानाने मी याला कायक्लेश म्हटले. महाराजसाहेब हसले. कायक्लेश बाह्य तपात येतो खरा, पण तो कर्मनिर्जरेसाठी, साखरेसाठी नव्हे, असे त्यांनी सांगितले. मी तेही विनोदावारी नेले.

घरी सौभाग्यवतीचा निराळाच क्रम चालू होता. गुडघ्यासाठी फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे आणि जिना सावकाश उतरणे. पंधरा मिनिटांत ती मोकळी होई व किती वेळा केले तो आकडा दिनदर्शिकेवर लिही. "कपाळावर थेंबही नाही, याला व्यायाम म्हणतेस?" असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "अहो, मला घाम विकायचा नाही."

पर्युषणानंतर पुन्हा तपासणी केली. ६.३. तसूभरही फरक नाही.

डॉक्टरांनी विचारले, किती वजन उचलता, किती वेळा, आठवड्यातून किती दिवस? मला एकही आकडा सांगता येईना. "पेढीवर रोजमेळ लिहीत नाही का?" असे ते म्हणाले तेव्हा मान खाली गेली. मग त्यांनी समजावले. घाम ही शरीर थंड ठेवण्याची सोय आहे. तो वाळतो तेव्हाच अंग निवते. दमट तळघरात तो वाळत नाही, नुसता निथळतो, आणि काट्यावर दिसते ते गेलेले पाणी. दुखणे बहुधा अनोळखी श्रमाचे असते. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, जसे जिना उतरताना किंवा वजन खाली ठेवताना, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि एक ते तीन दिवस ते ठणकते. लॅक्टिक आम्लाचा दोष मी सांगू लागलो, तर ते तासाभरात निवळते म्हणाले. मात्र दुखणे असह्य झाले आणि लघवी गडद तांबूस झाली, तर तडक दवाखाना गाठा, हेही त्यांनी बजावले.

ऐकताना मला आमचा हमाल आठवला. दिवसभर पन्नास किलोची पोती वाहणारा तो गडी कधी कण्हत नाही; पण गावी ज्वारी काढून आला की दोन दिवस त्याला वाकवत नाही. पोत्यांचे श्रम ज्वारीपेक्षा कमी, असे कोण म्हणेल? डोळ्यांपुढची गोष्ट, पण मला दिसली नव्हती.

चालताना बोलता यावे, पण स्तवन गाता येऊ नये, इतपत गती पुरेशी, असे माप त्यांनी दिले. (डॉक्टर आपल्यापैकीच आहेत.) आता नवकारशीनंतर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालतो, म्हणजे १५० मिनिटे. दोन दिवस दुपारी पेढीवरून तासभर निघून वजने उचलतो, आणि आकडे वहीत लिहितो. पंखा चालू असतो. पुढील तपासणी पौषात आहे.

मार्गशीर्षात आम्ही पालिताण्याला गेलो. तीन हजारांहून अधिक पायऱ्या. मी बोलण्याजोगा श्वास राखून चढलो; सौभाग्यवती शेवटच्या चढावर स्तवन गुणगुणत होती. आदिनाथदादांचे दर्शन झाले तेव्हा वडिलांचा ओटा आठवून मला काही वेळ बोलता आले नाही. ते मात्र श्वासामुळे नव्हे.

उतरणीचा सराव मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या चार पायऱ्या मी कठडा धरून आडवा उतरत होतो. सौभाग्यवती पिशवी घेऊन खाली उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे काल व्यायाम चांगलाच झाला म्हणायचा."