मशेरीची डबी

अम्मीची मशेरीची डबी म्हणजे बामची रिकामी डबी. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि दुपारची भांडी झाली की उंबऱ्यावर बसून पहिल्या बोटाने हिरड्यांवर फिरवत राहायची. शेजारच्या काकी आणि समोरच्या खाला त्याच वेळी येतात. आमच्या गल्लीत सगळ्या जातीधर्मांच्या बायकांना एका उंबऱ्यावर बसवणारी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी मशेरी असंच सांगेन.

अम्मीला 9 वर्षांपासून टाइप टू डायबेटिस आहे. तिच्या काळजीत मी कसूर केली नाही, असं मला वाटायचं. वर्षाला डोळ्यांचा पडदा तपासायचा, पायाला कुठे जखम नाही ना ते बघायचं, तीन महिन्यांनी एचबीएवनसी. गेल्या वर्षी हा आकडा 7.6 वरून 9.2 वर गेला. गोळी वाढवली तरी उतरेना. मी तिच्यावरच चिडलो.

"अम्मी, खरं सांग, चोरून गोड खातेस ना?"

"नई रे बाबा, कुच नई खाई मैं."

मला पटलं नाही. फडताळातला गुळाचा डबा मी माळ्यावर टाकला. सासष्ट वर्षांच्या आईचा हात पोहोचू नये म्हणून! आठवलं की अजून लाज वाटते.

मग आपा माहेरी आली. अम्मी ज्वारीची भाकरी बाजूला सारून कालवणात पाव बुडवून खातेय, हे पहिल्याच जेवणात तिच्या लक्षात आलं. मी रोज त्याच दस्तरख्वानावर बसत होतो, मला दिसलं नव्हतं. काकडी, पेरू, शेंगदाणे सगळं बंद. मऊ भात, केळं, चहात बुडवलेली खारी एवढंच तिला चावत होतं. गोड नव्हतं हे, पण साखर यानेही वाढतेच. आपाने तिला दारातल्या उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. खालचे पुढचे दोन दात बोट लावलं की हलत होते. हिरड्या मागे सरकून मुळं उघडी पडली होती.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. मशेरी लावली की ठणका थांबतो."

तालुक्याच्या दंतवैद्यांनी खुर्चीत बसवण्याआधीच विचारलं, शुगर किती? साखर चढलेली राहिली की हिरड्यांतला संसर्ग बळावतो आणि जखम लवकर भरत नाही. उलट हिरड्यांत सूज मुरली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर आणखी चढते. दोन्हीकडून मार. त्यात तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरड्यांतून रक्तही फारसं येत नाही आणि दुखणं झाकून राहतं. हॅराल्ड लोए या संशोधकाने 1993 सालीच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं, हे मी नंतर वाचलं. आम्हाला मात्र 9 वर्षांत 'आ करा' म्हणणारा एकही डॉक्टर भेटला नाही. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

ते दोन दात काढले. हिरड्यांच्या आतली सफाई चार खेपांत झाली. प्रत्येक वेळी सकाळी, नाश्ता आणि गोळी घेऊनच जायचं. उपाशी गेलं तर साखर उतरून चक्कर यायची भीती. तीन महिन्यांनी आकडा 8.5 आला. हिरड्यांच्या उपचाराने तो सरासरी 0.4 च्या आसपास उतरतो, असं अभ्यास सांगतात. बाकीचं श्रेय भाकरीला द्यायला हवं, कारण आता ती पुन्हा भाकरी खाते.

रात्री झोपताना मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. भावाने उमऱ्याहून आणलेली मिसवाक ती सकाळी वापरते, पण मशेरीच्या सवयीने इतकी दाबून घासायची की हिरडी सोलली जायची. हळू हात फिरवायला शिकवण्यात महिना गेला.

मशेरी पूर्ण सुटलेली नाही. दिवसातून चारदा लावायची, ती एकदावर आली आहे, तेही दुपारी, उंबऱ्यावर. ती बैठक सोड, असं सांगायची माझी हिंमत होत नाही. काकींनाही शुगर आहे. परवा मी कामावरून लवकर आलो तर डबी बंद करून बाजूला ठेवलेली, आणि अम्मी काकींची हनुवटी धरून म्हणत होती, "तोंड उघड बघू. असं उजेडाकडे कर."